केसपेपरवर नुसतं 'पडला' लिहू देऊ नका

राजापूरच्या अलीकडे चिऱ्यांचा ट्रक मुलाला घासून गेला, सायकल गटारात, नंबर कुणी बघितला नाही, आणि दवाखान्यात तुम्ही 'सायकलवरून पडला' एवढंच सांगितलंत. तुम्ही लिहिलेलं हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. 2022 च्या पावसात माझं हुबेहूब असंच झालं होतं.

हेल्मेट-दिव्यांचं सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणार. कागदाचं सांगतो. पोलिसांची कटकट नको म्हणून माझ्या भावाने केसपेपरवर 'सायकलवरून पडून' असं लिहू दिलं. कॉलरबोन मोडलेलं, मीही बोललो नाही. तक्रार दिली ती बारा दिवसांनी. पुढे भरपाईसाठी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. दर वेळी तोच केसपेपर पुढे सरकवायचे, 'यात वाहन कुठंय?' म्हणून. मोडलेला खांदा घेऊन एसटीने जायचं आणि साहेब दौऱ्यावर आहेत ऐकून परत यायचं! अजून आठवलं की संताप होतो. अर्ज शेवटी फेटाळला.

मी वकील नाही, एकदा विचारून घ्या. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली वाहन सापडलं नाही तरी भरपाई असते: 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. फ्रॅक्चर गंभीर दुखापतीत येतं, एक्स-रे जपून ठेवा. म्हणून आजच्या आज पोलिसांत जा, 'अज्ञात वाहनाची धडक' हे शब्द फिर्यादीत आलेच पाहिजेत. डॉक्टरांनाही खरं काय झालं ते सांगून नोंद करायला लावा. ट्रकचा नंबर मिळाला तर मात्र रस्ता वेगळा, मग दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. वाटेतल्या टपरीवर, पंपावर कॅमेरा असेल तर फुटेज पुसलं जायच्या आत मागा.

डिसेंबर 2024 पासून सरकारचं 'संडे ऑन सायकल', म्हणजे रविवारच्या सायकलफेऱ्या, चालू आहे. त्याला माझा विरोध नाही, मुलं सायकलवर यायलाच हवीत. पण आपल्याकडे पावसात साईडपट्टी खचते, डांबराची कड वीतभर उंच राहते, ट्रक आला तर पोराने उतरायचं कुठे? माझ्या मते आधी साईडपट्टी भरा, मग फेरी काढा. गणपतीच्या आठवड्यात तर मी हायवेला सायकल घालतच नाही, आतल्या वाडीच्या रस्त्याने जातो.

आणि हो, कुठलाही अर्ज दिलात की पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. माझ्या पहिल्या अर्जाची पोचच नव्हती.