इशाऱ्याच्या पत्रानंतरची दोन वर्षं

प्रश्न: माझ्या एकट्याच्या नावावर अमेरिकेतलं पेटंट आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीला ‘तुमचं उत्पादन माझ्या पेटंटचं उल्लंघन करतं’ असं पत्र पाठवलं. ‘खटला भराल तर पेटंटच रद्द करून घेऊ’ असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. आता पेटंट कायदा बळकट व्हावा म्हणून झटणारे स्वतंत्र संशोधक अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांपुढे माझं प्रकरण मांडायला बोलावत आहेत. जाऊ का?

उत्तर: जरूर जा, पण त्याआधी ते मौन मोडा. मला काळजी तुमच्या भाषणाची कमी आणि या दोन वर्षांची जास्त वाटते.

नुसता उशीर झाला म्हणून खटल्याआधीच्या सहा वर्षांची भरपाई बुडत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तुमची अडचण वेगळी आहे. आधी इशारा द्यायचा आणि मग गप्प राहायचं, यावरून ‘यांनी विषय सोडून दिला असं आम्ही समजलो आणि त्या भरवशावर उत्पादन वाढवलं’ असं कंपनी म्हणू शकते. न्यायालयाला ते पटलं, तर त्या कंपनीविरुद्धचा तुमचा दावा तिथेच संपू शकतो. मौन जितकं लांबेल तितका तिचा हा बचाव भक्कम होतो.

म्हणून वकिलामार्फत नवं पत्र पाठवा. त्यात पेटंटमधला कोणता क्लेम (शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क आहे हे सांगणारं कलम), कोणतं उत्पादन आणि तुम्ही हक्क सोडलेला नाही, हे नेमकं लिहा. मात्र खटल्याची तयारी झाल्यावरच ते पाठवा. असं पत्र मिळताच ‘आम्ही उल्लंघन करत नाही’ असं जाहीर करून घ्यायला कंपनी स्वतःच आधी न्यायालयात जाऊ शकते.

त्यांची धमकी पोकळ नाही. २०१२ पासून पेटंट कार्यालयाच्याच मंडळापुढे, म्हणजे पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डापुढे, जुनी पेटंटं आणि छापील साहित्य दाखवून पेटंटला आव्हान देता येतं. न्यायालयात पेटंट रद्द करायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो. बोर्डापुढे पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. खटला भरला नाही म्हणून हे आव्हान टळतं असंही नाही. उलट खटल्याची कागदपत्रं बजावल्यावर असा अर्ज करायला त्यांच्याकडे एकच वर्ष उरतं. तेव्हा त्यांच्याआधी तुम्हीच जुन्या साहित्याचा कसून शोध घ्या. अर्ज आलाच, तर सुनावणी सुरू करायची की नाही हे ठरण्याआधी तुम्हाला उत्तर देण्याची संधी असते. खर्चाला घाबरून ती सोडू नका. अनेकांची लढाई तिथेच हरली जाते.

आता त्या बैठकीबद्दल. या संशोधकांच्या मागण्या मला मनापासून पटतात. काँग्रेसमध्ये मांडलेल्या प्रिव्हेल विधेयकात बोर्डापुढेही न्यायालयाइतक्याच भक्कम पुराव्याची अट आहे. रिस्टोर विधेयक उल्लंघन थांबवायचा मनाई हुकूम मिळणं सोपं करू पाहतं, कारण ईबे कंपनीच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर खटला जिंकूनही तो हुकूम सहज मिळत नाही. एकट्या संशोधकाच्या हातात उल्लंघन थांबवायची ताकदच नसेल, तर कंपनी त्याच्याशी बोलायला तरी का बसेल? पण विधेयकाच्या भरवशावर खटला पुढे ढकलू नका.

तिथे बोललेला प्रत्येक शब्द कंपनीचे वकील वाचतील. नम्रतेपोटीसुद्धा ‘कल्पना तशी साधीच होती, कुणालाही सुचली असती’ असं म्हणू नका. पेटंट रद्द करायला त्यांना नेमकं हेच वाक्य हवं असतं. ‘बाजारातली अशी सगळी उत्पादनं माझ्याच पेटंटमध्ये येतात’ हेही नको. क्लेमचा अर्थ जितका ताणाल, तितकं तुमच्या आधीचं ज्ञान त्यात बसेल आणि पेटंट कमकुवत होईल. कंपनीचं नाव आणि तडजोडीच्या बोलण्यांतला तपशील टाळा. लेखी निवेदन आधी वकिलाला दाखवा. किती वर्षं गेली, दबाव कसा आला, एकट्याला हे किती जड जातं, ते मात्र मोकळेपणाने सांगा.

आणि आजच एक गोष्ट तपासा. पेटंट मिळाल्यापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी भरायचं नूतनीकरण शुल्क भरलेलं आहे ना? मुदत चुकली असेल, तर दंडासह भरायला सहा महिन्यांची सवलत असते. ती उलटली की पेटंट संपतं.