तीन रकान्यांची वही

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू वडिलांबरोबर पेढे घेऊन आलीस, तेव्हा तुझ्या मांडीवर एक प्लास्टिकची फाईल होती आणि तिच्यात एसएसएलसीचे म्हणजे दहावीचे मार्क्स कार्ड, पीयूसीचे म्हणजे बारावीचे मार्क्स कार्ड, टीसी आणि जातीचा दाखला असे सगळे एकावर एक नीट लावलेले होते. वडील बोलत होते आणि तू सारा वेळ गप्प बसली होतीस. निघताना दारात चप्पल घालता घालता तू हळूच विचारलेस, "सर, तिथं कॉलेजात सगळं इंग्रजीतच शिकवतात का?" मी "होईल सवय" एवढेच म्हणालो. ते उत्तर अपुरे होते, हे तुम्ही फाटकाबाहेर पडताच माझ्या लक्षात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची. पीयूसीची दोन वर्षे तू गावाजवळच काढलीस, तिथे पुस्तक इंग्रजी असले तरी शिक्षक ते हातात धरून मराठीतून समजावून सांगत. आता बी.कॉम.च्या वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलतील, कार्यालयाच्या खिडकीवर कन्नड चालेल, आणि बसमध्ये व घरी मराठी राहील. पहिल्या काही आठवड्यांत तुला असे वाटेल की वर्गात सर्वांना समजते आहे आणि आपल्या एकटीलाच समजत नाही. तसे मुळीच नसते. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल या भागांतून कन्नड माध्यमात शिकून आलेली मुले तुझ्याच बाकावर तुझ्याइतकीच गोंधळलेली असतात. तीही गप्प असतात, म्हणून ती हुशार वाटतात, आणि त्यांनाही तू तशीच वाटतेस.

हे मी अनुभवाने सांगतो. १९७९ साली मी खानापूर तालुक्यातून बेळगावला शिकायला आलो. तेव्हा आपली महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. तुझे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले. अर्थशास्त्राच्या तासाला 'इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले, ते मी देवनागरीत जसेच्या तसे उतरवून घेतले आणि पुढचे चार महिने त्यांचा अर्थ कोणालाही विचारला नाही. परीक्षेत पाठ केलेली व्याख्या अर्ध्यावर विसरलो आणि त्या विषयात नापास झालो. खरे पाहता तो विचार मला घरातच शिकायला मिळालेला होता. मिठाचा भाव चढला तरी आई पूर्वीइतकेच मीठ आणत असे, आणि कापडाचा भाव चढला की नव्या कपड्यांची खरेदी पुढच्या वर्षावर जात असे. भाव बदलल्यावर मागणी किती हलते, एवढेच तर त्या दोन शब्दांत सांगितलेले होते. मराठीत त्याला मागणीची लवचिकता म्हणतात, हे त्या वेळी कोणी सांगितले असते, किंवा मीच विचारले असते, तर ते वर्ष वाचले असते.

नापास झाल्यावर माझ्याबरोबर अभ्यासाला बसू लागला तो गोकाककडचा एक कन्नड मुलगा. त्याला मराठी जेमतेम येत होते आणि मला कन्नड तितकेही नव्हते. एका संध्याकाळी मी त्याला लवचिकता हा शब्द सांगितला, तेव्हा त्याने कन्नड पाठ्यपुस्तकातला शब्द वाचून दाखवला: 'बेडिकेय स्थितिस्थापकत्व'. मी चकित झालो, कारण स्थितिस्थापकत्व हा शब्द मला शाळेत विज्ञानाच्या तासाला भेटलेला होता. ताणलेले रबर सोडले की मूळ आकारावर येते, त्या गुणाचे हे नाव. मग 'बेडिके' म्हणजे मागणी हे वेगळे सांगावे लागले नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी एकेका वहीच्या पानावर पट्टीने दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले: इंग्रजी, मराठी, कन्नड. माझी ती वही अजून कपाटात आहे.

तू पहिल्या दिवसापासून अशी वही कर. रोज फक्त पाच शब्द घे, त्याहून अधिक घेऊ नकोस, कारण पंधरा शब्दांची हौस आठवड्यात संपते. प्रत्येक शब्दाखाली आपल्या घरातले, शेतातले किंवा बाजारातले एक उदाहरण एका वाक्यात लिही. 'डेप्रिसिएशन' म्हणजे घसारा, आणि खाली लिही की वडिलांनी घेतलेल्या पॉवर टिलरची किंमत दरवर्षी कशी उतरत गेली. फोनमधून भाषांतर काढायला माझी हरकत नाही, उलट कन्नड सूचनाफलकावर फोन धरून त्यातला अर्थ पाहून घेणे ही फारच उपयोगाची सोय आहे. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत फोन नसतो, आणि हाताने लिहिलेले उदाहरणच तिथे आठवते. सहा महिन्यांत इंग्रजीची भीती बरीच ओसरते, हे मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

पण सहा महिने थांबायला तुझ्याकडे वेळ नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या वेळी वर्षअखेरीस परीक्षा असे, त्यामुळे दिवाळीनंतर जाग आली तरी वेळ सावरून घेता येई. राज्यात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची आणि सहा सेमिस्टरची झाली आहे, आणि एका सेमिस्टरमध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचे महिने चारच्या आसपास मिळतात. त्यातले पहिले दोन गप्प राहण्यात गेले, तर इंटर्नलचे, म्हणजे अंतर्गत परीक्षांचे, गुण हातचे जातात आणि पुढच्या दोन महिन्यांत मागचे भरून काढण्यातच दमछाक होते. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच एकदा तरी हात वर करून विचार. वाक्य इंग्रजीत जुळत नसेल तर मराठीत विचार, आणि प्राध्यापकांना मराठी येत नसेल तर तास संपल्यावर शब्दावर बोट ठेवून "सर, धिस वर्ड" एवढे म्हटलेस तरी पुरे. मी चौतीस वर्षे शिकवले. तास संपल्यावर वही घेऊन टेबलापाशी आलेल्या मुलीवर रागावलेला शिक्षक मला फारसा आठवत नाही.

आता कार्यालयाच्या खिडकीविषयी. इथे आपल्या मुलांचे नुकसान गुणांपेक्षा पैशांचे अधिक होते. शिष्यवृत्तीला कन्नडमध्ये 'विद्यार्थिवेतन' म्हणतात. फलकावर तो शब्द वाचून, नोकरीचे काहीतरी असेल असे समजून, एक विद्यार्थी अर्जाची मुदत चुकवून बसला होता. 'आदाय' म्हणजे उत्पन्न, आणि आपण ज्याला उत्पन्न म्हणतो तो शब्द कन्नडमध्ये उत्पादित मालासाठी वापरतात. 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान आणि 'अवकाश' म्हणजे संधी. ओळखीचे वाटणारे असे शब्द तुझ्या वहीत तांबड्या शाईने लिहून ठेव.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या संकेतस्थळावर भरायचा असतो. त्याला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळालेल्या जात व उत्पन्नाच्या दाखल्यावरील आरडी क्रमांक लागतो, आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. तुझे नाव एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर एकाच स्पेलिंगने आहे का, हे प्रवेश घेण्याआधीच तपास. मराठी नाव आधी कन्नड लिपीत आणि मग इंग्रजीत जाते, तेव्हा एखादे अक्षर वाढते किंवा आडनाव पुढचे मागे होते, आणि त्या एका अक्षरासाठी वडिलांना मजुरीचे दोन दिवस बुडवून तालुक्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. जो कागद पूर्ण समजला नाही त्यावर सही करू नकोस. खिडकीमागच्या माणसाला "ओदि हेळ्री", म्हणजे वाचून सांगा, असे म्हण. त्यात कमीपणा नाही.

कन्नड शिकण्याविषयी घरात कोणी नाराजी दाखवील, याची मला कल्पना आहे. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आपल्या घरांत तीन पिढ्या जेवणाच्या पंक्तीला बसलेला आहे, तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि १ नोव्हेंबर, म्हणजे त्यांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, जवळ आला की शहरातली हवा बदलते, हे तू पाहशीलच. ते दुःख खरे आहे आणि ते विसर असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल; तुझ्या शिक्षणाची तीन वर्षे त्यासाठी थांबणार नाहीत. या राज्यात सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचे तर कन्नडची परीक्षा द्यावी लागते, आणि ती वाट केवळ रागापोटी स्वतःच बंद करून घ्यावी, असे मला वाटत नाही. कन्नड आल्याने मराठी उणी होत नाही. द. रा. बेंद्रे यांच्या धारवाडच्या घरात मराठी बोलली जाई, आणि त्यांना १९७३ साली ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेसाठी. आपण रोज भातावर घेतो ते तूप आणि घरातल्या अण्णा-अक्का या हाका कन्नडशी आपले नाते सांगतात.

मराठीचेही तितकेच मनापासून कर. महाविद्यालयात भाषाविषय म्हणून मराठी घेता येत असेल तर ती घे. पुढे शिकावीशी वाटली तर विद्यापीठात मराठी विभाग आहे. इंदिरा संत याच शहरात राहून कविता लिहीत होत्या. शनिवारी बस पकडण्याआधी अर्धा तास सार्वजनिक वाचनालयात बसत जा. चौकात भाषेवरून हुज्जत चालू असेल तर तिथे थांबू नकोस, आणि फोनवर आलेले भडक संदेश पुढे पाठवू नकोस. पोलिसांत एकदा नाव गेले की ते काढायला वर्षे जातात, आणि घोषणा शिकवणारे त्या वेळी बरोबर येत नाहीत.

राहिले जाण्यायेण्याचे. बायका-मुलींना मोफत प्रवास देणाऱ्या राज्याच्या शक्ती योजनेमुळे साध्या सरकारी बसचे तिकीट तुला पडणार नाही, पण आधार कार्ड रोज पिशवीत असू दे. पावसाळ्यात तुमच्या कणकुंबीच्या बाजूला ओढे भरले की बस दोन-दोन दिवस वर चढत नाही. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा अशी गैरहजेरी झाली की दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज दे. सेमिस्टरच्या शेवटी पाऊस कोणाला आठवत नाही. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर पहिले वर्ष तिथेच राहा, असे मी वडिलांनाही फोनवर सांगणार आहे. रोजचे चार तास बसमध्ये घालवून अभ्यास होतो असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझे मत तसे नाही.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी अडचण आली तर मला फोन कर, मी येईन. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना इथे उतर आणि वही घेऊन ये. माझ्या जुन्या वहीत कन्नडच्या रकान्यात बऱ्याच जागा कोऱ्या राहिल्या आहेत. घसारा या शब्दापुढचीही कोरी आहे. तुझ्या वर्गातल्या गोकाकच्या एखाद्या मुलीला विचारून तो शब्द तेवढा माझ्यासाठी घेऊन ये.

तुझे सर