मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र असतील तर झोटेरो, मेंडेली आणि एंडनोट या संदर्भसूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी सूचीची मांडणी कोण नीट करते?

आपला प्रबंध रावेर-यावल पट्ट्यातील केळीशेतीवर आहे, संदर्भ निम्मे मराठी व निम्मे इंग्रजी आहेत आणि मार्गदर्शकांनी एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भपद्धतीची) सातवी आवृत्ती वापरायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि दरवर्षी अशा प्रबंधांच्या सूची माझ्या नजरेखालून जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की, सॉफ्टवेअरमध्ये किती शैली (संदर्भ मांडण्याचे नियमसंच) आहेत यावरून निवड करू नये. झोटेरो आणि मेंडेली या दोन्हींच्या शैली सीएसएल या एकाच खुल्या शैलीभाषेत लिहिलेल्या असतात. तिच्या भांडारात १०,००० हून अधिक शैली आहेत, पण त्यांतील बहुसंख्य शैली एखाद्या मूळ शैलीकडे केवळ बोट दाखवतात. एंडनोटची शैलीरचना स्वतंत्र आहे. त्यामुळे आपल्याच संदर्भांतील दहा-बारा अवघड नोंदी निवडाव्यात, त्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भराव्यात आणि छापून आलेली सूची एपीएच्या नियमांशी अक्षरशः, स्वल्पविरामासकट ताडून पाहावी.

आपल्या खानदेशात पहिली अवघड नोंद शोधावी लागत नाही, कारण पाटील, चौधरी आणि महाजन ही आडनावे प्रत्येक सूचीत असतात. एकाच आडनावाचे दोन निरनिराळे पहिले लेखक असतील तर मजकुरातील उल्लेखात आद्याक्षरेही द्यावीत, असा एपीएचा नियम आहे आणि सॉफ्टवेअर तो इमानाने पाळते. अडचण अशी की, एकाच लेखकाची नोंद एका ठिकाणी ‘पाटील, एस.’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पाटील, एस. आर.’ अशी झाली असेल, तर सॉफ्टवेअर त्या दोन व्यक्ती समजते आणि गरज नसताना आद्याक्षरे घालते. विद्यार्थी याला शैलीचा दोष समजतात, पण तो दोष नोंदीचा असतो. दिसलेली चूक नोंदीतली आहे, शैलीच्या फाइलमधली आहे की सॉफ्टवेअरच्या मूळ रचनेतली, हे ठरवल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

दुसरी नोंद म्हणून केळीच्या जनुकसंचावरचा, २०१२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला लेख घ्यावा. त्याचे लेखक वीसहून कितीतरी अधिक आहेत. सातव्या आवृत्तीनुसार सूचीत वीसपर्यंतची सर्व नावे येतात; एकवीस किंवा अधिक असतील तर पहिली एकोणीस, मग तीन टिंबे आणि शेवटचे नाव येते. सहाव्या आवृत्तीत ही मर्यादा सात होती, म्हणून जुनी शैली बसवली गेली असेल तर ती इथे लगेच उघडी पडते. या लेखाच्या शीर्षकात केळीचे शास्त्रीय नाव आहे आणि ते तिरप्या अक्षरांत यायला हवे. शीर्षक नोंदवताना तेवढाच भाग तिरपा करून ठेवावा लागतो.

खरी कसोटी मराठी नोंदींची आहे. सीएसएलमध्ये भाषा संपूर्ण दस्तऐवजाला एकच लागते, त्यामुळे भाषा इंग्रजी ठेवली की मराठी ग्रंथाच्या दोन लेखकांमध्येही ‘&’ हे इंग्रजी चिन्ह येते आणि ‘व इतर’च्या जागी ‘एट अल.’ छापले जाते. नावानंतरचा स्वल्पविराम टिकतो का, ‘ज्ञानेश्वर’चे आद्याक्षर ‘ज्ञा.’ येते की अर्धवट तुटते, हेही पाहावे. अनुक्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या यादीत, त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. त्यामुळे केवळ संकेतांकांनुसार क्रम लावला तर ‘काळे’ हे नाव ‘काशीकर’च्या आधी येते, मराठी क्रमाने ते नंतर यायला हवे. माझा सल्ला असा की, मराठी आणि इंग्रजी सूची स्वतंत्र कराव्यात आणि मराठी सूचीसाठी एपीए शैलीची प्रत काढून तिच्यात ‘आणि’, ‘व इतर’, ‘संपा.’ हे शब्द भरावेत. त्या प्रतीला नवे नाव आणि नवा ओळखसंकेत द्यावा, नाहीतर मूळ शैली अद्ययावत होताना आपले बदल पुसले जातात.

शासकीय प्रकाशनांची नोंद शेवटी सांगते, कारण तिने एका विद्यार्थिनीला फार त्रास दिला. ‘महाराष्ट्र शासन’ हे नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत भरल्यामुळे सगळीकडे ‘शासन, म.’ असे उमटले होते. झोटेरोमध्ये हे नाव एकाच रकान्यात भरावे लागते, एंडनोटमध्ये त्यापुढे स्वल्पविराम द्यावा लागतो आणि बिबटेक या संदर्भनोंदींच्या फाइलप्रकारात ते दुहेरी महिरपी कंसांत ठेवावे लागते. तिने नोंदीला हात न लावता वर्डमध्येच प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती केली. त्यानंतर मार्गदर्शकांनी एक संदर्भ वाढवायला सांगितला, तो घालताच सूची नव्याने तयार झाली आणि ‘शासन, म.’ पुन्हा सगळीकडे परत आले. रकाना बदलून आम्ही ते एका मिनिटात दुरुस्त केले, पण तोपर्यंत तिचे दोन दिवस गेले होते.

आपल्या कामासाठी मी झोटेरो सुचवेन, कारण ते विनामूल्य आहे आणि शैली तपासण्याचा व बदलण्याचा संपादक त्याच्यातच आहे. तरीही या दहा-बारा नोंदी आधी त्यात चालवून पाहा, आणि मगच उरलेले संदर्भ भरायला घ्या.