अमेरिकेत 1955 सालचं घर घेतोय, लेड पेंटच्या (शिसं असलेल्या रंगाच्या) फॉर्मवर सेलरने ‘माहिती नाही’ असं लिहिलंय. खिडक्याही बदलायच्यात. किती सिरियसली घ्यावं?

घर आवडलं असेल तर घ्या की, पण त्या ‘माहिती नाही’वर जाऊ नका. सेलरवर टेस्ट करायची सक्तीच नाहीये, त्याला जे ठाऊक आहे ते सांगायचं, जुना रिपोर्ट असला तर द्यायचा आणि ती सरकारी पुस्तिका हातात ठेवायची, बास. मग कोण कशाला स्वतःहून टेस्ट करतंय, झाकली मूठ! घरांसाठी लेडच्या रंगावर बंदी आली 1978 ला, त्याआधीचं घर म्हणजे लेड आहे असंच धरून चालायचं.

कायद्याने बायरला लेडच्या तपासणीसाठी 10 दिवस मिळतात, एजंट म्हणेल वेव्ह करा, म्हणजे तो हक्क सोडून द्या, नाहीतर ऑफर जाईल. आमचा पण हेच म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये हे सहसा नसतं, वेगळा लेडवाला बोलवावा लागतो. तो एक्सआरएफ (एक्स-रेने शिसं मोजणारं) मशीन भिंतीला टेकवतो आणि काही सेकंदांत आकडा येतो, रंग खरवडायची गरज नाही. आमच्याकडे भिंती बऱ्या निघाल्या पण खिडक्या आणि दारांच्या चौकटी फुल लेड. त्याने एक खिडकी वर-खाली करून दाखवली तर खालच्या खाचेत राखाडी भुगा साचलेला, रांगणारं पोर उभं राहताना नेमकं तिथेच धरतं.

आता रिनोव्हेशनचं. खोलीत 6 स्क्वेअर फुटांपर्यंतच्या किरकोळ कामाला सूट आहे, पण खिडकी बदलणं किरकोळ धरतच नाहीत, म्हणजे ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं) लेडचं सर्टिफिकेट असलेलाच कॉन्ट्रॅक्टर लागतो. ते प्लास्टिक अंथरतात, शेवटी ओल्या पांढऱ्या कापडाने पुसून कापड एका कार्डाशी ताडून बघतात. बिनसर्टिफिकेटवाला स्वस्तात करून देतो म्हणेल, त्याला नको म्हणा. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केलं तर नियम लागू नाही (घराचा काही भाग भाड्याने दिला तर मात्र लागू), पण धुरळा काय नियम बघून उडतो का?

घरात लहान मूल असेल तर ब्लड लेड टेस्ट करून घ्या, इथे न्यू जर्सीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी करतातच. आकडा 3.5 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आला तर नुसतं रंगाच्या मागे लागू नका, भारतातून आणलेलं काजळ, शेंदूर, सुटी हळद यांच्याबद्दलपण डॉक्टरांना सांगा.