दहावीच्या वर्गात मराठा-ओबीसी आरक्षणावरून पोरं गट करून बसायलेत, चर्चा घ्यावी का बंद करावी?
बंद करू नका सर, पण "तुला काय वाटतं" इथून सुरू न करता कागदापासून करा. मी जालन्याकडं हायस्कूलला नागरिकशास्त्र घेतो, मत विचारलं की पोरगं घरातलं नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलतं आन् मग सगळ्यांसमोर त्याला मागं येता येत नाही. त्यापेक्षा फळ्यावर १९९२ चा सुप्रीम कोर्टाचा इंद्रा साहनी निकाल आणि आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा, २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तो का रद्द केला, २०२४ चे मराठ्यांसाठीचे १० टक्के, निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचं हैदराबाद गॅझेट मराठवाड्यालाच का लागतं (१९४८ पर्यंत आपण निजामाकडं होतो ना) एवढं लिहा, पोरं आपोआप प्रश्न विचारायलीत. मग समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा वहीत लिहायला लावा, मोठ्यानं वाचायची सक्ती नको. दोन नियम आधीच सांगून ठेवा:
- "तुमचे लोक" म्हणायचं नाही, नेत्यांच्या घोषणा नाहीत
- मोबाईल बाहेर काढायचा नाही, अर्धवट क्लिप गावात फिरली की निस्तरायचं तुम्हालाच
फक्त गावात उपोषण, बंद किंवा नुकतीच मारामारी झाली असंल तर त्या आठवड्यात विषयच काढू नका, हेडमास्तरांशी बोला अन् आधी बाकं बदला.