पिनबॉल मशीन 'प्रोटोटाइप' आहे म्हणून दुप्पट पैसे द्यावेत का?

विकणारा मशीन प्रोटोटाइप, म्हणजे कारखान्यात मोठ्या संख्येने बनण्याआधीचं चाचणीचं मशीन, आहे म्हणतोय आणि त्याच गेमच्या नेहमीच्या मशीनच्या दुप्पट मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं सरळ मत सांगतो, नुसत्या त्या शब्दासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. आधी विचारा की नंतर कारखान्यातून निघालेल्या मशीनपेक्षा यात वेगळं काय आहे, आणि ते फोटोत दाखवा म्हणा.

कारण प्रोटोटाइप म्हणून काहीही खपवलं जातं. शिकागोच्या पिनबॉल कंपन्यांत नवा गेम करताना आधी व्हाइटवुड बनायचं, म्हणजे चित्रं नसलेली साधी प्लायवुडची फळी, तिच्यावर फ्लिपर (बॉल परत उडवणारे दांडे), रॅम्प, बंपर (बॉल आदळला की त्याला ढकलणारे खांब) बसवून बॉल कसा पळतो ते बघायचे. मग चित्रांसकट थोडी मशिनं, मग डिस्ट्रिब्युटरला दाखवायला आणि एखाद्या ठिकाणी ठेवून कमाई बघायला सॅम्पल, आणि त्यानंतर प्रॉडक्शन. आता सॅम्पल कधीकधी शेकड्यात निघायची, आणि लोक त्यांनाही बिनधास्त प्रोटोटाइप म्हणून विकतात.

खरा भाव असतो तो जे गेम प्रॉडक्शनला गेलेच नाहीत त्यांना. डेटा ईस्ट कंपनीचं किंग काँग १९९० चं, फक्त ९ मशिनं. गॉटलिबचं क्रल १९८३ चं, १०. विल्यम्सचं पिनबॉल सर्कस तर २ च, आणि ते नेहमीसारखं आडवं लांब नाही, उभ्या आर्केड कॅबिनेटमध्ये मजल्यावर मजले चढत जाणारं, बघूनच वेड लागतं. कॅपकॉमने १९९६ मध्ये पिनबॉल बंद केलं तेव्हा किंगपिन आणि बिग बँग बार दोन्ही अर्ध्यात अडकले. अशा मशीनला तुलना करायला बाजारभावच नसतो, वर्षानुवर्षं एकही विकायला येत नाही आणि आलं की ज्या दोघांना ते हवंच आहे ते ठरवतील ती किंमत. फक्त एक धोका लक्षात ठेवा, रीमेकचा. बिग बँग बारची मूळ मशिनं १४ होती, मग २००७ च्या सुमाराला दुसऱ्या कंपनीने जवळपास १९० नवी बनवली. मूळ ती मूळच, पण ज्याला फक्त खेळायचंय त्याला दुसरा रस्ता मिळाला आणि तेवढं गिऱ्हाईक कमी झालं.

तुमचं मशीन बहुतेक दुसऱ्या प्रकारातलं असणार, गेम हजारोंनी निघाला आणि हे सुरुवातीचं. इथे फरक काय आहे त्यावर सगळं. ट्वायलाइट झोन घ्या, १९९३ चं, १५ हजारांवर मशिनं निघाली, पण अगदी सुरुवातीच्या मशीनमध्ये प्लेफील्डखाली, म्हणजे बॉल पळतो त्या फळीखाली, बॉल ओढणारा तिसरा मॅग्नेट होता, तो पुढे खर्च वाचवायला काढला. असा खेळण्यात जाणवणारा फरक असेल तर लोक आनंदाने जास्त देतात, स्टिकरचा रंग वेगळा असेल तर फारसं कोणी विचारत नाही. पण गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये त्या मॅग्नेटची सोय राहिलीच, त्यामुळे लोक आता तो बाहेरून घेऊन बसवतात. म्हणजे मॅग्नेट दिसला एवढ्यावर मशीन सुरुवातीचं ठरत नाही, सिरियल नंबर बघावा लागतो.

म्हणून प्लेफील्ड उचलून खालच्या बाजूचे फोटो मागा. हाताने वाकवलेले ब्रॅकेट, बुजवलेली किंवा न वापरलेली भोकं, हाताने ओढलेल्या वायरी, रॉमवर, म्हणजे गेमचं सॉफ्टवेअर असलेल्या चिपवर, पेनाने लिहिलेलं लेबल, यातून बरंच कळतं. मशीन कारखान्यातून कोणाकडे गेलं आणि पुढे कोणाकडे, याचे कागद असतील तर ते मशीनइतकेच जपा.

आणि घेतलंत तर कृपा करून नवंकोरं करायला जाऊ नका. नेहमीच्या मशीनला नवं प्लेफील्ड टाकलं की भाव वाढतो, इथे उलटं, ती भोकं आणि ते खरडलेले खुणांचे नंबर हाच पुरावा आहे, तो पुसला की तुमच्याकडे साधं मशीन उरतं. पहिल्याच दिवशी रॉमची कॉपी काढून ठेवा, जुन्या चिपमधला डेटा हळूहळू उडू शकतो आणि ते व्हर्जन दुसऱ्या कोणाकडे असेलच असं नाही. प्लास्टिक, बॅकग्लासही (मशीनच्या मागच्या उभ्या पेटीवरची चित्राची काच) वेगळं असेल तर फुटलं की मिळणार नाही, ते धरूनच किंमत बोला. विकणारा खालचे फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर नेहमीच्या मशीनचा भाव सांगा, त्याच्या वर जाऊ नका.