विषुववृत्ताची ‘लांबी’ की ‘परीघ’?

प्रश्न असा आलाय की विषुववृत्ताची लांबी म्हणावं की परीघ, आणि ती मोजताना टेप नेमकी कोणी धरली. दुसऱ्या भागाला हसू नका, खरी गंमत तिथेच आहे.

माझ्या मते लांबी बिनधास्त म्हणा. विषुववृत्त हाच पृथ्वीचा परीघ, मग परिघाचा परीघ कसला काढताय? तसंही संस्कृतात परिघ म्हणजे दाराचा अडसर, गोल कडेला तिकडे परिधी म्हणतात, आपण मराठीत अडसरच उचलून भूमितीच्या पुस्तकात बसवलाय आणि आता तोच रुळलाय. भास्कराचार्य ‘कुपरिधी’ म्हणतात. इथे कु म्हणजे वाईट नाही हं, कु म्हणजे पृथ्वी! आकडाही जुन्या रीतीने, एकेका अंकासाठी ठरलेल्या शब्दांत दिलाय, सप्त-अंग-नंद-अब्धी, म्हणजे 7, 6, 9, 4, आणि हे एकक स्थानापासून मांडत जायचं, की झाली 4967 योजनं (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप).

आणि त्यांची मोजायची पद्धत काय, तर एक गाव दुसऱ्याच्या सरळ उत्तरेला हवं, दोघांमधलं अंतर घ्या, अक्षांशांतला फरक घ्या, एवढ्या अंशांना एवढी योजनं तर 360 ला किती, संपलं, शाळेतलं त्रैराशिक. म्हणजे मोजायचं उत्तर-दक्षिण! पूर्व-पश्चिम मोजायला दोन्हीकडची वेळ अचूक जुळवावी लागते, विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ 460 मीटरचा घोळ. 1735 मध्ये फ्रेंच लोक मुद्दाम विषुववृत्तापाशी, किटोजवळ गेले (तो देश आज इक्वेडोर, नावाचा अर्थच विषुववृत्त) आणि तिथे जाऊनही त्यांनी साधारण तीन अंशांचा उत्तर-दक्षिण पट्टाच मोजला. तसाच पट्टा दुसऱ्या तुकडीने उत्तरेला लॅपलँडमध्ये मोजला, तिथे एका अंशाचं अंतर जास्त निघालं, म्हणजे तिथली वक्रता कमी, म्हणजेच पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी. म्हणून आज विषुववृत्त 40,075 किमी आणि ध्रुवांवरून जाणारा फेरा 40,008. आताचा आकडाही टेप लावून आलेला नाही, उपग्रहांच्या मोजमापांतून ठरलेली 6378.137 किमी त्रिज्या घ्यायची आणि 2π ने गुणायचं.

राहिला ‘विषुवृत्त’ हा उच्चार. बोलताना एक व गिळला जातो, मीही गिळतो, पण लिहिताना विषुववृत्तच. मूळ शब्द विषुवद्वृत्त, विषुव म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याची वेळ, आणि जुन्या ज्योतिषात हे वर्तुळ आकाशातलं, त्या दिवशी सूर्य ज्याच्यावर असतो ते. जमिनीवरच्या त्या पट्ट्याला म्हणायचे निरक्ष देश, कारण तिथे अक्षांश शून्य, आणि विषुवदिनी भर दुपारी काठी उभी केली तर सावलीच पडत नाही. मला विचाराल तर निरक्ष जास्त आवडतो, पण आता कोण वापरणार तो!